थिनरवाल्यांनो, बाणाला हात लावू नका

परवाच्या विकांताला माधवनगरला ताईकडे होतो. नमनाला घडाभर तेल नको, थेट मुद्द्यावर येतो. कार्बनच्या बाणावरचा जुना ग्लू काढायला अख्खे बाण अॅसिटोनमध्ये बुडवणारा माणूस हुशार नसतो, तो आळशी असतो. हे मी इतक्या छातीठोकपणे सांगतोय कारण गेल्या दिवाळीपर्यंत तो माणूस मीच होतो.

झालं असं, की भाचा तिरंदाजी शिकतो. कंपाउंड धनुष्य, कप्प्यांचं. आमच्या भागात हे खूळ का वाढलं ते वेगळं सांगायला नको. ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी १७व्या वर्षी जगज्जेती झाली, अंतिम सामना १४९-१४७. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं १५० पैकी १५० मारले, आणि तोही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांच्या हाताखाली तयार झालेला. त्याआधी फलटण तालुक्यातला प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला जाऊन आला होता. मग सांगली काय मागे राहणार?

पण पदकाच्या फोटोत जे दिसत नाही ते म्हणजे बाणाची देखभाल. बाणाच्या शेपटाकडची तीन प्लॅस्टिकची पिसं (मैदानावर सगळे 'वेन' म्हणतात) सरावात सारखी फाटतात. ती काढायची, खालचा जुना ग्लू खरवडायचा, नवी चिकटवायची. खालचा थर उंचसखल राहिला तर नवं पीस नीट बसत नाही, आणि ५० मीटरवर दहाचं वर्तुळ असतं जेमतेम ८ सेंटीमीटरचं. तेव्हा हे काम टाळता येत नाही.

दिवाळीत भाच्यानं डझनभर बाण माझ्यासमोर ठेवले. म्हणाला, "मामा, हे खरवडून खरवडून बोटं दुखायला लागलीत." मी पडलो इंजिनियर. एकेक बाण हातानं करणं म्हणजे माझ्या दृष्टीनं गुन्हाच! पीव्हीसी पाइपचा तुकडा आणला, एका बाजूनं बूच लावलं, अॅसिटोन ओतलं आणि बाराच्या बारा बाण शेपटाकडून रात्रभर आत उभे केले. सकाळी पिसं आपोआप गळून पडली. ग्लू पुसला की साफ. काय ती ऐट! ऑफिसातल्या मित्रांना फोटोसुद्धा पाठवला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर सरांनी एक बाण उचलला, शेवटाला बसवलेली नॉक काढली (दोरी जिच्यात अडकते ती प्लॅस्टिकची खाच) आणि दोन बोटांत दाबली. पापड मोडावा तशी मोडली. सगळ्या बारा तशाच, पांढुरक्या, केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या. "कोणी केलं हे?" "मामांनी." सर पुढे काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

कारण नॉक असते पॉलीकार्बोनेटची, आणि पॉलीकार्बोनेटचं अॅसिटोनशी हाडवैर. अशी नॉक ताणलेल्या दोरीवर फुटली तर दोरी मोकळीच सुटते. जी ताकद बाणात जायची ती धनुष्यातच उलटते. दोरी कप्प्यावरून उतरते, पाती तडकतात, आणि हे सगळं होतं चौदा वर्षांच्या पोराच्या तोंडापासून चार बोटांवर. सरांनी दाबून बघितलं नसतं तर? असो. ते 'तर' मला अजूनही रात्री आठवतं.

आता थिनरवाले म्हणतील, नॉक काढून बुडवायचं ना! आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच करतात! करत असतील, अॅल्युमिनियमच्या बाणांना. त्या धातूच्या नळीला सॉल्व्हंट काही करत नाही. कार्बनचा बाण म्हणजे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी. फडक्यावर थोडं अॅसिटोन घेऊन झटकन पुसलं तर ते उडून जातं, बिघडत नाही. पण तासन् तास भिजवलं की ते रंग, पॉइंट धरणारा गोंद, सगळीकडे घुसतं, आणि इपॉक्सीशीही ही जोखीम घ्यायची नसते. हीट गनचंही तेच. धातूला शेक चालतो, इपॉक्सी नरम पडतं. म्हणजे जुन्या मालाची रेसिपी नव्या मालाला लावायची आणि वर तिला अनुभव म्हणायचं.

दुसरा पंथ आमच्या ऑफिसातला. "अरे, तुझ्या एका तासाचा रेट काढ. नवीन बाण घे ना!" स्पर्धेच्या दर्जाचा एकेक कार्बन बाण चार आकड्यांत जातो हो साहेब. अदितीच्या शिक्षक वडिलांनी मुलीच्या खेळासाठी कर्ज काढलं होतं. त्यांना सांगाल का रेट काढायला? या रेटवाल्यांचा मला थिनरवाल्यांपेक्षा जास्त राग येतो, कारण थिनरवाला निदान बाणाला हात तरी लावतो.

आणि खरी गोम इथेच आहे. नॉक नव्या आणल्यावर पुढच्या खेपेला ओसरीवर बसून आम्ही मामा-भाच्यांनी हातानं काम केलं. चाकूची बोथट पाठ, जवळजवळ आडवी धरून, दांडीच्या लांबीच्या दिशेनं. धारदार ब्लेड नाही, ते धागे कापतं. कोरडा सँडपेपर नाही, ती काळी धूळ छातीत जाते. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात. बाणाला पाचेक मिनिटं. चौथ्या बाणाला भाचा थांबला. "मामा, इथं नख अडकतंय." मला काहीच दिसेना. त्यानं दोन्ही टोकं धरून, तोंडापासून लांब, बाण हलकासा वाकवला आणि फिरवत कानोसा घेतला. कर्र. आत उभी चीर होती, बहुतेक कधीतरी दुसरा बाण येऊन आपटल्याची. असला बाण सुटताना फुटला तर त्याची शकलं धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

हाच बाण दिवाळीत माझ्या पाइपातही होता. तेव्हा तो माझ्या हाताखालून गेलाच नव्हता.

तो बाण मोडून टाकला, कुणी चुकून पुन्हा वापरू नये म्हणून. ताई ओरडली, "अरे, एवढा महागाचा!" भाचा म्हणाला, "आई, तू गप बस, मामांना विचार." :) उरले अकरा. त्यातल्या सहांची पिसं आता पुन्हा फाटलीत असा काल फोन आला, म्हणजे येत्या शनिवारी पुन्हा माधवनगर. पाइपाचा तो तुकडा ताईनं कुंडीतल्या जाईला आधार म्हणून लावलाय.