जाते गेले, ओवीचे काय?



यंत्रमानव घरी येईल, भांडी घासील, फरशी पुशील, कपड्यांच्या घड्या घालील आणि मोकळ्या झालेल्या वेळात माणूस चित्रे काढील, ग्रंथ वाचील, चार घटका चिंतन करील, असे स्वप्न आपण गेली अनेक वर्षे ऐकत आलो. घडले मात्र उलटेच. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि पाहता पाहता यंत्र निबंध, कविता, जाहिरात, भाषण, चित्र असे हवे ते क्षणार्धात करून देऊ लागले. खरकटी भांडी होती तेथेच, मोरीत राहिली. 2024 साली एका परदेशी लेखिकेने समाजमाध्यमावर नेमकी हीच तक्रार मांडली. धुणीभांडी यंत्राने करावीत आणि लेखन व कला आपल्यासाठी ठेवावी, असा तिचा आशय होता. ती तक्रार जगभर फिरली, कारण ती अनेकांच्या मनातली होती.

तक्रार हसून सोडून देण्यासारखी नाही. असे उलटे का घडले आणि कोणते काम यंत्राच्या हाती द्यावे, हे दोन्ही प्रश्न आपल्या घरांशी आणि पेढ्यांशी निगडित आहेत.

पहिल्या प्रश्नाचे एक उत्तर यंत्रशास्त्राने पूर्वीच देऊन ठेवले आहे. हान्स मोरावेक या यंत्रमानवशास्त्रज्ञाने 1988 मध्ये लिहून ठेवले की, बुद्धिबळ किंवा बुद्धिमापनाची कोडी यंत्राला शिकविणे तुलनेने सोपे आहे. वर्षभराच्या मुलाला जे पाहता, उचलता आणि हालचाल करता येते, ते यंत्राला शिकविणे फार कठीण आहे. मे 1997 मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरविले. पण तुपकट कढई आणि काचेची बरणी यांतील फरक ओळखून दोन्ही स्वच्छ घासणारे यंत्र आजही सामान्य घरात नाही. याचे कारण उघड आहे. माणसाने हजारो वर्षांत जे लिहिले त्यातील अफाट भाग आज संगणकाला वाचावयास उपलब्ध आहे. हाताने किती दाब द्यावा, ओला ग्लास कसा धरावा, कणीक सैल झाली हे बोटांना कसे कळते, हे कोणी कधी लिहून ठेवले नाही. शिवाय चुकीचे वाक्य खोडता येते. फुटलेली बरणी जोडता येत नाही.

दुसरे उत्तर व्यापाराचे आहे आणि ते आपल्या वाचकांस अधिक चटकन उमगेल. भांडवल तेथे जाते जेथे बचत वहीत दिसते. जाहिरात लिहिणाऱ्याचे मानधन, नक्षी काढणाऱ्याचा मेहनताना, अनुवादकाचे बिल हे सारे नावे पडते. त्यांचे काम करणारी संगणकप्रणाली एकदा सिद्ध झाली की ती लाखो गिऱ्हाइकांना अल्प जादा खर्चात पुरविता येते. यंत्रमानवाचे तसे नाही. तो दर वेळी लोखंड, मोटार, वाहतूक आणि दुरुस्ती यांचा हिशेब मागतो. आणि त्याने वाचवावयाचे ते श्रम कोणाचे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील व्यक्तींची पाहणी झाली. त्यात 100 पैकी सुमारे 81 स्त्रिया दिवसभरात घरातील बिनमोबदला कामे करताना आढळल्या आणि पुरुष सुमारे 26. जे ही कामे करीत होते त्यांतील स्त्रियांचा दिवसाचा वेळ सरासरी 299 मिनिटे होता, पुरुषांचा 97. म्हणजे स्त्रीचे रोजचे जवळजवळ पाच तास. या पाच तासांची रोजमेळात नोंद नाही आणि खतावणीही नाही. ज्या खर्चाचे खातेच नाही तो वाचविण्यासाठी भांडवल कोण घालील? जेथे भांडी घासावयास बाई येते, तेथेही तिचा पगार इतका कमी असतो की यंत्र महाग वाटते. यंत्राने कविता आधी शिकली यात यंत्राचा स्वभाव जेवढा आहे, तेवढाच आपल्या हिशेबाचाही भाग आहे.

आता असे समजू की उद्या घरकाम करणारे यंत्र खरोखर आले. मग कलेला वेळ मिळेल काय? याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या घराघरांत हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे.

पिढ्यान् पिढ्या येथील स्त्रिया पहाटे उठून जात्यावर बसत. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरीत, एक हात घास टाकी आणि जात्याच्या घरघरीबरोबर ओवी उमटे. माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल, सासुरवास, दुष्काळ, पुढे बाबासाहेब आंबेडकर अशा सर्व विषयांवर, अक्षरओळखही नसलेल्या स्त्रियांनी ही रचना केली. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. आज त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर वाचावयास व ऐकावयास मिळतात. मराठीतील स्त्रियांच्या काव्याचा हा कदाचित सर्वांत मोठा साठा असेल, आणि तो घरकाम करता करता निर्माण झाला.

पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. खांदे भरून येत, हाताला घट्टे पडत, झोप अपुरी होई. ते कष्ट संपले हे उत्तमच झाले. जाते परत आणा असे एकही स्त्री म्हणणार नाही. परंतु त्याबरोबर ओवीही ओसरली. वाचलेला पहाटेचा वेळ काव्याला मिळाला नाही. तो दुसऱ्या कामांनी भरून काढला. दोन स्त्रियांनी समोरासमोर बसून मनातले बोलावे अशी जी एक जागा घरात होती, ती गेली आणि तिच्याऐवजी दुसरी जागा कोणी करून दिली नाही.

अमेरिकेत हेच निराळ्या रीतीने घडले. जोआन व्हानेक या संशोधिकेने 1974 मध्ये दाखवून दिले की, नोकरी न करणारी गृहिणी 1920 च्या दशकात आठवड्याला सुमारे 52 तास घरकाम करीत असे, आणि धुलाई यंत्र, व्हॅक्यूम क्लीनर हे सर्व आल्यावर 1960 च्या दशकात सुमारे 55 तास. रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी 1983 च्या आपल्या ग्रंथात त्याची कारणे उलगडली. पूर्वी बाहेर धोबिणीकडे जाणारे किंवा नोकर, मुले, पुरुष यांच्यात वाटले जाणारे काम यंत्रासह एकट्या गृहिणीकडे आले, आणि स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या. आपल्याकडेही मिक्सर आला तेव्हा चटणी वाटण्याचे कष्ट गेले आणि ताटातील चटण्यांची संख्या वाढली. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नियम पाळणाऱ्या घरांत संध्याकाळचे दोन तास स्वयंपाकघरात किती धावपळीचे असतात, हे त्या घरातील सुनेला विचारावे. यंत्रे असूनही ती धावपळ तिचीच राहिली आहे.

तेव्हा ‘घरकाम यंत्राला, कला माणसाला’ ही वाटणी ऐकावयास सुबक असली तरी पुरेशी नाही. अधिक उपयोगी कसोटी अशी: या कामाचे केवळ फळ हवे आहे, की ते करताना करणाऱ्याच्या ठिकाणी काही घडावयास हवे आहे? धुतलेला कपडा हे फळ आहे. तो कोणी धुतला याने कपड्यात फरक पडत नाही. मालाची यादी, कराच्या विवरणपत्राचा मसुदा, बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला पाठविण्याचे नेहमीचे पत्र, यांचेही तसेच. हे लेखन असले तरी त्यात धुण्यासारखे कष्टच आहेत, आणि ते यंत्राने खुशाल करावे. उलट, आजीने नातीला शेजारी बसवून पुरणपोळी शिकविणे हे घरकाम असले तरी ते यंत्राला देण्याचे नाही.

क्षमापनेच्या पत्राचे उदाहरण घ्या. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’चे सुंदर, अलंकारिक संदेश आता यंत्र अर्ध्या मिनिटात लिहून देते आणि ते एका स्पर्शात पाचशे जणांना जातात. भाषा निर्दोष असते. पण क्षमा मागणाऱ्याने ज्याचे मन दुखावले त्याचा चेहरा क्षणभर डोळ्यांसमोर आणावा, काय बोललो ते आठवावे, ते शब्दांत मांडताना थोडे अवघडावे, यासाठीच तर ते पत्र असते. ते अवघडणे यंत्रावर सोपविले तर संदेश पोहोचतो, क्षमायाचना होत नाही. सांत्वनाचे पत्र, मुलाचा शाळेतील निबंध, वडिलांच्या आठवणी यांनाही हीच कसोटी लावावी. मुलाच्या निबंधाची जगाला गरज नसते. तो लिहिण्याची मुलाला गरज असते.

आणखी एक बाब केवळ आपल्या व्यवसायाची आहे. कापड, दागिने, छपाई, जाहिरात या धंद्यांत आपल्यापैकी अनेकांचे चित्रकार, नक्षीकार, मजकूर लिहिणारे ठरलेले असतात. कित्येकांचा संबंध दोन पिढ्यांचा असतो. आता यंत्र दोन मिनिटांत पन्नास नक्षी दाखविते, तेव्हा मोह होणारच. 2023 मध्ये अमेरिकेतील चित्रपट-दूरचित्रवाणी लेखक 148 दिवस संपावर होते. त्यांच्या मागण्यांत हाही विषय होता. अखेरच्या करारात यंत्राला बंदी झाली नाही. यंत्राने लिहिलेल्या मजकुरामुळे लेखकाचे श्रेय व मोबदला कमी होऊ नये आणि लेखकावर यंत्र वापरण्याची सक्ती होऊ नये, एवढे ठरले. आपल्यालाही एवढे सहज करता येईल. जुन्या नक्षीकाराची चित्रे यंत्रात घालून तशाच नव्या नक्षी काढावयाच्या असतील, तर त्याला विचारावे आणि मोबदला द्यावा. धन्याने न दिलेले घेणे याला आपल्याकडे अदत्तादान म्हणतात. वस्तू अदृश्य असली म्हणून त्याचे नाव बदलत नाही. शक्य तेथे त्याच नक्षीकाराच्या हाती यंत्र द्यावे. पन्नासांतील कोणती नक्षी काठावर शोभेल आणि कोणती धुण्यात फसेल, हे त्याच्याच नजरेला कळते.

घरासाठी एक छोटा प्रयोग सुचवावासा वाटतो. आठवडाभर एक वही ठेवावी आणि घरातील कोणते काम, कोणी, किती मिनिटे केले ते रोज लिहावे. हिशेब ठेवणे आपल्या रक्तात आहे. एवढे एकच खाते आपण आजवर उघडले नाही. आठवड्याअखेर सर्वांनी मिळून ती वही वाचावी. काही कामे यंत्राला देता येतील, काही मुलग्यांना आणि पुरुषांना, काही मुळात अनावश्यक निघतील. दुकानात नव्या यंत्रासाठी तरतूद करताना स्वयंपाकघरासाठीही करावी, आणि भांडी धुण्याचे यंत्र घ्यावयाचे की नाही हे रोज भांडी धुणाऱ्या हातांना विचारून ठरवावे. घरी कामाला बाई येत असेल, तर यंत्रामुळे तिची रोजी एका दिवसात तुटणार नाही याचीही काळजी घ्यावी.

वाचलेला वेळ कोणाचा, हेही त्याच वहीत लिहून ठेवावे. पाऊण तास वाचला, तर तो सुनेचा वा सासूबाईंचा म्हणून नोंदवावा. त्या वेळात तिने वाचावे, सामायिक करावे, रांगोळीची नवी नक्षी रेखावी, मैत्रिणीशी बोलावे किंवा नुसते स्वस्थ बसावे. त्याचा जाब कोणी विचारू नये, आणि त्या पाऊण तासात आणखी एका पदार्थाची फर्माईश मात्र कोणी करू नये.