कोट मिळाला, खुर्ची कुठे आहे?

परवा सुरतेला जाण्याचा योग आला. उधना-लिंबायत भागात फिरताना आपण गुजरातेत आहोत की खानदेशात, असा प्रश्न पडावा इतकी मराठी कानावर येते. मुक्काम एका ओळखीच्या दलित कुटुंबात होता. वडील लूमवर राबलेले, मुलीने नुकतीच वकिलीची सनद घेतलेली. काम शिकायला ती एका ज्येष्ठ वकिलाकडे गेली, तेव्हा पहिला प्रश्न आला, "घरात कोण वकील आहे?" दुसरा, "लग्न कधी करणार?" मग आडनाव विचारून झाले आणि "कळवतो" म्हणून निरोप मिळाला. तो कळवणारा फोन अजून यायचा आहे.

मला नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी आठवल्या. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली, पदवी हाती पडली १९२२ मध्ये! स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा आपल्याकडे आला १९२३ साली. तिकडे अमेरिकेत शार्लट रे ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री वकील १८७२ मध्येच झाली. पण अशिलेच मिळेनात, म्हणून शेवटी शिक्षिका झाली. सनद कायदा देतो, अशील समाज देतो. खरी ग्यानबाची मेख इथेच आहे.

फातिमा बीवी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्या. तेव्हापासून २०२५ पर्यंत तिथे अकरा स्त्रिया न्यायाधीश झाल्या, त्यांत दलित स्त्री एकही नाही. अमेरिकेला पहिली कृष्णवर्णीय स्त्री न्यायमूर्ती मिळायला २०२२ साल उजाडले.

कुणी म्हणेल, गुणवत्ता असेल तर वर येतीलच. पण वर यायला आधी टिकावे लागते ना? वकिलीची पहिली चार-पाच वर्षे जवळजवळ फुकट राबण्याची. ज्याच्या घरी बापाचे ऑफिस आहे त्याला ते परवडते. लूमकामगाराच्या मुलीला कसे परवडावे? बार कौन्सिलने २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचवले. सुचवले, बंधनकारक केले नाही. ते बंधनकारक व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. उपकार म्हणून नव्हे, कामाचे दाम म्हणून.

निघताना तिचा काळा कोट दाराआडच्या खिळ्याला टांगलेला दिसला. इस्त्री केलेला. आमच्या पणजीत तरी असे किती कोट खिळ्यालाच राहिले असतील, कुणी मोजले आहे का?