हमीला साठ दिवसांची सुट्टी



१९७२ साली पावसानं दगा दिला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं राबत होती. खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती, मिलोची भाकर आणि सुकडी खात होती. मुंबईत पँथर जन्मली तीही १९७२ मध्येच. हा योगायोग नव्हे.

त्या उन्हातून रोजगार हमी आली. कल्पना वि. स. पागेंची, कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मागेल त्याला काम, १५ दिवसांत नाही दिलं तर बेकारी भत्ता. पैसा कुठून? १९७५ च्या व्यवसाय करातून. चाकणच्या कंपनीतल्या पोरा, तुझ्या पगाराच्या स्लिपवर २०० रुपये कापलेले दिसतात ना, तेच हे. तुझा गावाशी संबंध तुटला असं तुला वाटत असेल, पण स्लिपवर तो शाबूत आहे.

बडे वावरवाले तेव्हापासून बोंबलतायत, की हमीमुळं मजूर मिळत नाही. बरोबरच आहे! चिखली-मेहकरकडं सोयाबीनची सोंगणी, खामगाव-नांदुऱ्याकडं कापसाची वेचणी. बाई म्हणते, या भावात परवडत नाही, मी बांधाच्या कामावर जाते. हे तिला म्हणता येतं तेवढीच तिची ताकद. बिनजमिनीच्या माणसाजवळ दुसरं काय आहे? दोन एकरवाला आपलाच भाऊही मजुरी वाढली की कुरकुरतो, ते खोटं नाही. पण त्याला पिकाचा भाव कमी मिळतो याचा हिशेब निंदणाऱ्या बाईकडून का वसूल करायचा?

आता बघा. २००५ चा केंद्राचा कायदा १०० दिवसांचा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्याच्या जागी नवा मंजूर केला. १२५ दिवस म्हणून टाळ्या पडल्या. पण पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण ६० दिवस कामं बंद ठेवायची सोय त्यातच आहे. म्हणजे नेमकं जेव्हा बाईचा ‘नाही’ किमती असतो, तेव्हाच तो काढून घ्यायचा. सरकार मुकादम झालं की हो! शिवाय आधी अकुशल मजुरीचा सगळा पैसा केंद्र देई. नव्यात बहुतेक राज्यांवर ४० टक्के बोजा, आणि कुठल्या राज्याला किती ते दिल्ली आधीच ठरवणार. त्यावर खर्च झाला तर राज्यानं सोसायचा. मागणी मजुराची, आकडा दिल्लीचा. मग ती हमी कसली?

महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्याला दिवसांची मर्यादा नव्हती. त्यावर उभं राहा. सुट्टीत गावी जाल तेव्हा लग्नातल्या डीजेपुढं नाचून परत येऊ नका. मायचं जॉबकार्ड बघा, कोणाच्या कपाटात पडलंय ते शोधा. कामाची मागणी लेखी करा. ग्रामपंचायतीकडून तारखेची पावती घ्या; पावतीशिवाय १५ दिवस मोजता येत नाहीत. सोंगणीच्या आठवड्यात करा, मुद्दाम.