जुन्या हमरस्त्याचे पालकत्व

पुण्याहून मोटारीने निघालेल्या प्रवाशास सोलापूर शहर डोळ्यांनी न पाहताच आज विजापूरच्या वाटेस लागता येते. केगावापाशी रस्ता फुटतो आणि हत्तुरकडे जाणारे बाह्यवळण त्यास शहराबाहेरून परस्पर पुढे नेते. तुळजापूर किंवा हैदराबाद गाठू इच्छिणाऱ्यासही शहराच्या गाभ्यात शिरण्याचे कारण उरलेले नाही. वाहतुकीच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पाच-पाचशे मैलांवरून येणाऱ्या मालमोटारींनी शाळकरी मुलांच्या आणि भाजीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढावी, हे कोणत्याही सुधारलेल्या शहरास शोभणारे नव्हते. परंतु नवा मार्ग बाहेरून गेला म्हणजे जुना नाहीसा होतो असे नाही. बाळ्यापासून जुन्या पुणे नाक्यापर्यंत आणि जुन्या बोरामणी नाक्यापासून बाजार समितीच्या आवाराच्या पुढपर्यंत तो आपल्या जागी पडून आहे. त्याच्या कडेला लोक राहतात, त्याच्यावरून चालतात, त्याच्यावर पोट भरतात. या रस्त्याचा पालक आता कोण, हा प्रश्न आम्हांस आज नगरवासीयांपुढे मांडावयाचा आहे.

हा रस्ता साधा नव्हे. तो सोलापूरच्या जन्मकथेचा भाग आहे. निजामशाही आणि आदिलशाही या दोन सत्तांच्या सीमेवर वसलेल्या या ठाण्यासाठी लढाया झाल्या, तह झाले, आणि लग्नसंबंधांतही त्याचा सौदा झाला. पूर्वेस नळदुर्ग, दक्षिणेस विजापूर, वायव्येस पुणे आणि नगर अशा वाटा ज्या गावी मिळतात, त्या गावास सत्ताधारी सुखाने झोपू देत नाहीत, पण व्यापारी मात्र त्यास विसरत नाहीत. १८१८ च्या मे महिन्यात मन्रोने येथील भुईकोट किल्ला घेतला, तेव्हा पेशवाईच्या शेवटच्या आशांपैकी एक मावळली. त्यानंतर या वाटांवरून फौजांऐवजी कापसाच्या आणि धान्याच्या गाड्या अधिक चालू लागल्या.

१८६० मध्ये आगगाडी सोलापुरास आली. पुढे १८७१ मध्ये ती रायचुरापर्यंत गेली आणि लांबच्या प्रवासाचा मान रस्त्याकडून रुळांकडे गेला. पण रस्ता मेला नाही. आगगाडीने त्यास नवे काम दिले. खेड्यापाड्यांतून स्थानकाकडे येणारा माल त्याच्यावरूनच येई. १८७७ मध्ये आपण ज्यास ‘जुनी गिरणी’ म्हणतो ती सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी निघाली, आणि कापसासाठी व कामासाठी माणसांचा ओघ शहराकडे लागला. तेलंगणातील पद्मशाली विणकरांची कुटुंबे पूर्वेकडून याच दिशेने आली. त्यांच्या मागांनी सोलापुरी चादरीचे नाव देशभर केले. या शहरात मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषा एकाच ओसरीवर नांदतात, याचे श्रेय आपण आपल्या सहिष्णुतेस देतो. ते खरेही आहे. तथापि त्या सहिष्णुतेस माणसे आणून देण्याचे काम वाटांनी केले, हे विसरून चालणार नाही.

पुढे रस्त्यांचा कारभार कोणी पाहावा, हा वाद सुरू झाला. १९१९ च्या सुधारणा कायद्याने रस्ते प्रांतिक सरकारांकडे गेले. प्रांताची तिजोरी अपुरी, आणि मोटारींची संख्या तर वाढत चाललेली. तेव्हा बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये एक समिती नेमली गेली. रस्ते हा केवळ प्रांतांचा भार नसून त्यांत सबंध देशाचा स्वार्थ आहे, असे या समितीने सांगितले. पेट्रोलवरील जादा करातून मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला तो तिच्याच शिफारशीचे फळ होय. डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरास मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि तिने राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी रस्त्यांची प्रतवारी ठरविली. १ एप्रिल १९४७ पासून मुख्य हमरस्त्यांची जबाबदारी मध्यवर्ती सरकारने उचलली. कालपर्यंत मुंबई प्रांताचा असलेला पुणे–सोलापूर रस्ता अशा रीतीने राष्ट्राचा झाला. पुण्यापासून मच्छलीपट्टणपर्यंत जाणाऱ्या या मार्गास ९ हा क्रमांक मिळाला. दोन पिढ्यांनी तो ‘नऊ नंबरचा रस्ता’ म्हणूनच ओळखला. २०१० मध्ये देशभरच्या क्रमांकांची फेरमांडणी झाली आणि त्याचा ६५ झाला.

क्रमांक येतात आणि जातात. पण या रस्त्याच्या आयुष्यात पाच दिवस असे आले, की ज्यांचा विसर सोलापूरकरांस पडता कामा नये. शहराच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर निजामाची हद्द सुरू होई. तेथे करोडगिरीचा नाका लागे, कलदार रुपयाच्या जागी हाली सिक्का चाले, आणि एकाच भाषेची, एकाच नात्यागोत्याची माणसे दोन राज्यांची प्रजा म्हणून वागविली जात. १९३८ च्या डिसेंबरात लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद सोलापुरातच भरली. १९३९ च्या हैदराबाद सत्याग्रहास या शहराने आसरा दिला, आणि त्याच ऋणानुबंधातून १९४० मध्ये येथे दयानंद महाविद्यालय उभे राहिले. पुढे १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हुकमतीखालील भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरच्या बाजूने याच रस्त्याने निघाली. नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत हाती आला. जळकोट मागे पडले. पहिल्याच दिवशी दुपारी सैन्य उमरग्यास पोहोचले. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि १८ तारखेस चौधरी हैदराबादेत होते. मराठवाड्याच्या मुक्तीची मुख्य वाट सोलापूरच्या वेशीतून निघाली, याचा उल्लेख करणारा एक दगड तरी हैदराबाद रस्त्यावर ठळकपणे उभा असावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येईल काय?

आज या रस्त्याचे रूप कसे आहे? पुण्याकडील भागाचे चौपदरीकरण होऊन बरीच वर्षे झाली. हडपसर, यवत, पाटस, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ ही नावे पूर्वी मुक्कामाची होती. आता पुलाखालून वा पुलावरून ती क्षणात मागे सरतात आणि लक्षात राहतात ते पथकर नाके. उजनी धरणाने रस्त्याकाठच्या मुलुखाचा नकाशाच बदलला. भीमेचे पाणी अडले आणि जुने पळसदेव गाव पाण्याखाली गेले. पाणी ओसरले म्हणजे तेथील प्राचीन मंदिर आजही वर येते आणि पाहणाऱ्यास जुन्या वस्तीची आठवण देते. रुंदीकरणात वड, लिंब आणि चिंचेची जुनी झाडे गेली. ज्या सावलीत बैलगाडीवाले बैल सोडीत आणि वारकरी घटकाभर टेकत, ती सावली कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेली नसते. तरीही आषाढाच्या तोंडी तुकोबारायांची पालखी लोणी, यवत आणि वरवंडाच्या मुक्कामांसाठी याच रस्त्याने चालते. त्या दिवसांत मोटारींनी बाजूस व्हावे लागते आणि रस्ता मूळचा कोणाचा होता हे क्षणभर दिसते.

शहरातील भागाची कथा मात्र वेगळी आहे. पुण्याहून येताना अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाचे आवार लागते, मग बाळे येते. मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेस येथे माणसांचा पूर लोटतो. पुढे जुना पुणे नाका. जकात गेली, नाक्याचा अडसर गेला, नाव तेवढे उरले. तेथून एस. टी. स्थानकाकडे येणारा रस्ता दिवसाच्या कोणत्याही प्रहरी रिकामा नसतो. पूर्वेच्या टोकास बाजार समितीचे आवार आहे. कांद्याच्या हंगामात तेथे शेकडो वाहने येतात. आवारात मावेनाशी झाली म्हणजे ती हैदराबाद रस्त्यावर ओळीने उभी राहतात. त्याच रस्त्याने विडी घरकुलातील कामकरी स्त्रिया पहाटे आणि सायंकाळी ये-जा करतात. पायवाट कोठे आहे, आणि आहे तेथे ती कोणी अडविली आहे, हे सांगण्यासाठी संपादकाच्या लेखणीची गरज नाही. प्रत्येक वाचकाच्या चपलेस ते ठाऊक आहे.

असे का व्हावे? मराठीत म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. या रस्त्यास तर दोनच नव्हे, तीन घरे आहेत. राष्ट्रीय महामार्गाचे काम पाहणारी यंत्रणा नव्या बाह्यवळणाकडे पाहते. राज्याचे बांधकाम खाते हद्दीचा नकाशा पाहते. महापालिका आपल्या तिजोरीकडे पाहते. बाह्यवळण झाल्यावर शहरातील जुना तुकडा राज्याकडे किंवा पालिकेकडे सोपवावयाचा, अशी सर्वसाधारण रीत आहे. रीत वाईट नाही. पण सोपविणे म्हणजे टाकून देणे नव्हे. घर सोडणाऱ्याने निदान गळके छप्पर नीट करून किल्ली द्यावी, हा व्यवहारातला साधा नियम आहे. १९२७ मध्ये जयकरांपुढे जो प्रश्न होता तोच येथे लहान प्रमाणात पुन्हा उभा आहे. ज्याच्या माथी रस्ता येतो, त्याच्या हाती पैसा येतो काय?

यावर एक आक्षेप येईल तो आम्ही जाणतो. नव्या युगात जुन्या रस्त्याचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी म्हणतील. त्यांस आमचे उत्तर असे की, हे कौतुक नव्हे, हिशेब आहे. बाह्यवळणावरून जाणारा प्रवासी सोलापुरास काही देत नाही, आणि सोलापूरकडून काही घेतही नाही. या शहराची मंडई, शाळा, रुग्णालये, यंत्रमाग आणि चादरीची दुकाने ज्या रस्त्यावर चालतात तो जुनाच आहे. नवा रस्ता अंतर वाचवील, पण शहराचे जगणे जुन्यावरच चालावयाचे आहे. शिवाय सुरत–चेन्नई या आणखी एका महामार्गाची आखणी जिल्ह्यातून झालेली आहे. वाटा जेथे मिळतात तेथे सोलापूर वसले. आता एकामागून एक वाटा त्याला वळसा घालून जाऊ लागल्या, तर शहराने त्यांच्याशी आपला सांधा कसा राखावा, याचा विचार आजच झाला पाहिजे.

म्हणून आमच्या सूचना मोजक्या आहेत. पहिली ही की, शहर हद्दीतील जुन्या महामार्गाच्या प्रत्येक तुकड्याचा पालक कोण, हे लेखी ठरवून नागरिकांस कळवावे. ज्या तुकड्याचे हस्तांतर व्हावयाचे असेल, तो दुरुस्त करूनच आणि देखभालीची तरतूद ठरवूनच द्यावा. दुसरी, शहराशी काम नसलेल्या अवजड वाहनांस बाह्यवळण सक्तीचे असावे आणि ती सक्ती फलकापुरती नसावी. बाजार समितीकडे येणाऱ्या वाहनांस रस्त्याबाहेर थांबण्याची जागा आणि येण्याची वेळ ठरवून द्यावी. शेतकऱ्यास रात्रभर रस्त्यावर गाडीत बसवून ठेवणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. तिसरी, पायी चालणारास पायवाट आणि सावली ही दोन्ही मिळावीत. रस्ता रुंद झाला की झाड तोडणे अपरिहार्य असेल, तर झाड लावून ते जगविणेही तितकेच अपरिहार्य मानावे. चौथी सूचना अगदी अल्प खर्चाची आहे. मैलांचे दगड जाऊन किलोमीटरचे आले, पिवळ्या माथ्याच्या त्या दगडांवरील आकडेही बदलले. जुने जे दगड कोठे उरले असतील ते जपावेत, आणि जुन्या पुणे नाक्यावर व हैदराबाद रस्त्यावर या मार्गाची हकिगत थोडक्यात लिहून ठेवावी. येथून जाणाऱ्या मुलास आपण कोणत्या रस्त्यावर उभे आहोत हे कळावे, एवढीच त्यामागील इच्छा.

यांपैकी कोणतीही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. त्यासाठी दिल्लीस शिष्टमंडळ नेण्याचीही गरज नाही. तीन कचेऱ्यांतील अधिकाऱ्यांनी एका सकाळी एकत्र यावे, बाळ्याच्या पुलापासून बाजार समितीपर्यंत गाडीत न बसता पायी चालावे, आणि चालताना जे दिसेल ते टिपून घ्यावे. आमच्या लोकप्रतिनिधींनीही त्यांच्यासोबत चालण्यास हरकत नाही. या रस्त्याने फौजा पाहिल्या, विणकर पाहिले, सत्याग्रही आणि वारकरी पाहिले. आता त्याने आपल्या पालकांस एकदा पायी येताना पाहावे, अशी आमची इच्छा आहे.