पेटीतला १४ आणि चाकातला २४

दसऱ्याला आमच्या वाड्यावर गाड्या न्हाऊन-माखून रांगेत उभ्या असतात. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. घरात पाटावर आयुधं मांडलेली. आजोबांच्या वेळी त्या पाटावर कोयता असायचा, कुदळ असायची, सुताराकडून धार लावून आणलेला वाकस असायचा. आता तिथे लॅपटॉप असतो, मोबाईल असतो, आणि हल्ली हल्ली एक प्लास्टिकची पेटी असते. ‘४६ नगांचा संच.’ आत चांदीसारख्या चकचकीत गोट्या आपापल्या खाचेत बसलेल्या. हळद-कुंकू वाहायचं, नमस्कार करायचा आणि दुसऱ्या दिवशी पेटी परत कपाटात. पुढच्या दसऱ्यापर्यंत कोणी तिचं झाकण उघडत नाही.

माझा राग या पेटीवर आहे. आणि पेटीपेक्षाही जास्त, ती विकत घेणाऱ्या आपल्यासारख्या पांढरपेशांवर. (मीही त्यातलाच, म्हणून हे हक्काने लिहितो.)

गोष्ट घडली ती अशी. माझ्या अ‍ॅक्टिवाचा मागचा ब्रेक उतरला होता. अल्तिनोचा उतार उतरताना डावा लिव्हर जवळजवळ मुठीला टेकायचा. दोनदा नट आवळून झाला, आता आवळायला आटेच उरले नव्हते. म्हणजे शू संपले. रविवार होता, पेटी होती, अंगात उत्साह होता. म्हटलं, घरीच करू.

पेटी उघडली. सगळ्यात मोठी गोटी १४ मिलिमीटरची. चाकाचा नट २४चा! सेहेचाळीस नग, आणि त्यातला एकही त्या एका नटाला बसत नाही. मग काय, नळाच्या कामाला ठेवलेला अ‍ॅडजस्टेबल पाना घेतला, तो घसरला, पुन्हा लावला, पुन्हा घसरला. चौथ्या खेपेला नटाचे दोन कोपरे गोल झाले आणि माझ्या बोटाची साल गेली. सोमवारी रजा टाकून गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिकने सहा कोपऱ्यांची गोटी ठोकून बसवली, लांब दांडा लावला आणि अर्ध्या मिनिटात नट सोडवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘सायबा, पाना वाईट नव्हता. तो या कामाचा नव्हता.’’

हे वाक्य मला बी.ए.च्या तीन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

हत्यार निवडायचं म्हणजे आधी काम वाचायचं. स्कूटरचा मागचा ड्रम ब्रेक काही रॉकेट नाही. उजव्या बाजूचा सायलेन्सर काढायचा, मधला मोठा नट काढायचा, चाक बाहेर ओढायचं. आत अर्धचंद्रासारखे दोन शू, दोन स्प्रिंगा, एका टोकाला खुंटी आणि दुसऱ्या टोकाला शू फाकवणारा कॅम. एवढंच. आता एकेका पायरीला विचारायचं, इथे हाताला काय लागेल?

मोठा नट: त्याच्या मापाची सहा कोपऱ्यांची गोटी. माप आपल्या गाडीवर व्हर्नियरने मोजून घ्यायचं, माझं ऐकून नव्हे. गोटी अर्ध्या इंची चौकोनाची, आणि तिला अर्ध्या मीटरचा सरळ दांडा. का? हिशेब करा. असा नट साधारण १२० न्यूटन-मीटरने आवळलेला असतो. अर्ध्या मीटरच्या दांड्यावर त्याला २४-२५ किलोचा जोर पुरतो. पेटीतला रॅचेट असतो वीतभर, १५ सेंटिमीटरचा. त्यावर तोच जोर काढायला ८० किलो लागतील. म्हणजे अख्खा माणूस टांगायचा, आणि नट सुटण्याआधी रॅचेटचे दात पडायचे. गंजलेला नट त्याहूनही हट्टी. आपल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात सायलेन्सरच्या नटांची काय दशा होते ते सांगायला नको. त्यासाठी गंज सोडवायचं तेल आदल्या रात्री मारून ठेवायचं.

सायलेन्सरचे आणि ब्रेकच्या दांडीचे नट: १०, १२, १४चे रिंग पाने. फिक्स पाना दोनच बाजू धरतो, रिंग चहूबाजूंनी धरतो. गंजलेल्या नटाला हा फरक म्हणजे सुटणं आणि गोल होणं यातला फरक.

स्प्रिंगा: यासाठी दुकानदार खास पक्कड दाखवतो. ती मोटारीच्या ब्रेकसाठी ठीक. स्कूटरचे दोन्ही शू स्प्रिंगांसकट बाहेरच्या बाजूला पुस्तक मिटावं तसे मिटतात आणि हाताने निघतात. हातमोजे घाला, पैसे वाचवा.

मोजायला तोच व्हर्नियर. लायनर २ मिलिमीटरवर आला की शू गेला. ड्रमलाही मर्यादा असते, ती चाकाच्या आत ओतीव अक्षरांत लिहिलेली सापडते. १३० मिलिमीटरचा ड्रम १३१ झाला की नवे शू घालूनही उपयोग नाही. बरं, चाक न काढताही खूण कळते. ब्रेकच्या दांडीजवळ एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो समोरच्या रेघेला येऊन भिडला की वेळ भरली. गाडी चालवणाऱ्या कितीजणांनी तो बाण पाहिला आहे?

उरलं ते तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनर, कॅमला नि खुंटीला लावायला उष्णता सोसणारं चिमूटभर ग्रीस, आणि सायलेन्सरचं नवं गॅस्केट. रॉकेल, डिझेल अजिबात नको, त्याचा तेलकट थर लायनरवर बसतो. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरात अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की परत येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं फेकून द्या.

आणि यादीतलं शेवटचं हत्यार म्हणजे दुसरा माणूस. मोठा नट सोडवताना चाक फिरू नये म्हणून सीटवर बसून ब्रेक दाबून धरायला. तो कुठल्याच पेटीत येत नाही.

मोजा आता. जेमतेम दहा-बारा वस्तू. पेटीतल्या ४६ पैकी कामाला आल्या दोन-तीन. बाकीच्या गोट्या आपण का विकत घेतो? कारण पेटी घेतली की काम समजून घ्यायची गरज उरत नाही, अशी आपली समजूत असते. ज्ञानकोशाचे खंड कपाटात लावले की वाचायचं पुण्य लागतं, त्यातलाच हा प्रकार.

आता यावर दोन आक्षेप मी रोज ऐकतो.

पहिला: ‘‘अरे, ब्रेकचं काम घरी? जीवाशी खेळ आहे.’’ हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच हत्यारं नीट निवडायची. माझ्या यादीत टॉर्क पाना म्हणूनच आहे. नट किती आवळायचा ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ‘हाताला घट्ट लागला’ हे माप नव्हे. टॉर्क पाना दोन-तीन हजारांचा, वर्षातून दोनदा लागणारा. तर मग पाच घरांनी मिळून एक घ्यावा. देवळाच्या समया आपण सामाईक ठेवतो ना? तोही जमत नसेल तर नट गॅरेजात नेमक्या मापाने आवळून घ्यावा, पण तोवर गाडी ढकलत न्यावी. जुना नट आट्यांवर हाताने सहज फिरू लागला तर तो बदलावा, त्याची पकड गेली. नवे शू बसवल्यावर लिव्हरला १० ते २० मिलिमीटर ढिलाई ठेवावी आणि आधी वाड्यातल्या वाड्यात हळू चालवून बघावी. २०१९च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं. जोडब्रेकात डावा लिव्हर पुढचं चाकही धरतो, म्हणून तिथे मॅन्युअल उघडल्याशिवाय नटाला हात लावू नये. ड्रमच्या आत गिअरचं तेल झिरपलेलं दिसलं, किंवा गाडीला डिस्क नि एबीएस असलं, तर सरळ मेकॅनिककडे जावं. त्यात कमीपणा नाही. कुठे थांबायचं हे काम वाचल्यावरच कळतं.

दुसरा आक्षेप मात्र मला सहन होत नाही. तो कोणी शब्दांत बोलत नाही, फक्त नजरेने बोलतो. काळे हात घेऊन मी अंगणात बसलो होतो तेव्हा शेजारचे एक सद्गृहस्थ थांबले आणि म्हणाले, ‘‘कचेरीतला माणूस तू, हे तुझं काम का?’’ तर कोणाचं? पिढ्यान्‌पिढ्या आपण लेखणीला मान दिला आणि हातोडी दुसऱ्याच्या हातात ठेवली. कोणाच्या हातात ठेवली ते सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षातून एकदा त्या हातोडीला कुंकू लावतो आणि उरलेले ३६४ दिवस ती धरणाऱ्याला ‘ए’ म्हणून हाक मारतो. आयुधपूजेचा याहून मोठा अपमान मला माहीत नाही. स्वतःच्या बोटाची साल गेली तेव्हापासून मी मेकॅनिकशी मजुरीवरून घासाघीस करत नाही, एवढं प्रांजळपणे सांगतो.

भाषेचंही तेच. १९८७च्या राजभाषा कायद्यावर आम्ही अजून हिरिरीने भांडतो, व्यासपीठावर मराठीसाठी गळा काढतो. पण पाना, पक्कड, कानस, छिन्नी, पोगर, वायसर हे शब्द आमच्या मुलांनी शेवटचे कधी ऐकले? चावी हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. त्यांच्या भाषेत पान्यालाही तोच शब्द आहे. आपण कुलपाची तेवढी चावी ठेवली. वस्तू हातातून गेली की शब्द तोंडातून जातो, त्याला परिसंवाद भरवून काही होत नाही.

तेव्हा, येत्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलात तर पेटीच्या दुकानावरून पुढे जा. जुन्या हार्डवेअरवाल्याकडे सुटी हत्यारं मिळतात. आधी घरी गाडीचा नट मोजून जा. मापाची एक गोटी, एक दांडा, तीन रिंग पाने, एक व्हर्नियर, एक तारेचा ब्रश. बाकीचं काम पडेल तसं.

माझ्या पेटीचं काय केलं? मुलीला दिली. तिने त्यातल्या १०च्या गोटीने स्वतःच्या सायकलचा ब्रेक आवळला. यंदाच्या दसऱ्याला पाटावर ती एकच गोटी ठेवणार, म्हणते. ओरखडे पडलेली.