नफा झाला, तरी आकडा लाल का?

निकालांच्या सीझनमध्ये शेअर ॲपवर आपोआप बनलेली कार्डं येतात. वाढ हिरवी, घट लाल. पण कंपनी १० कोटींच्या तोट्यातून ५ कोटींच्या नफ्यात आली तर? बदल १५, भागिले उणे १०: उणे १५० टक्के. लाल! घाबरून शेअर विकणारा विकून मोकळा.

२० एप्रिल २०२० ला अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, दुसऱ्या दिवशी १०.०१ वर. म्हणजे भाव चढला. पण साधं सूत्र उणे १२६.६ टक्के सांगतं. काही डेव्हलपर भाजकाचं उणे चिन्ह काढून टाकतात. त्याने रंग सुधारतो, टक्केवारी निरर्थकच राहते. माझ्या मते तिथे टक्के दाखवूच नयेत, सरळ ‘तोट्यातून नफ्यात’ लिहावं. कोडमध्ये फक्त एक इफ लागतो.