मुक्कामाचं शिक्षण

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, ते दक्षिणेच्या आशेने. घरावर कर्ज होतं आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कोकणात पोचली होती. वाटेत बंड पेटलं. भटजी झाशीत पोचले, वेढ्यात अडकले, शहर पडल्यावरची कत्तल त्यांनी जीव मुठीत धरून पाहिली. मिळवलेला पैसा लुटला गेला. घरी परतताना हाती उरली ती गंगाजलाची कावड, आईवडिलांना स्नान घालण्यासाठी. पुढे इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हे सगळं लिहून काढलं आणि 1907 मध्ये ‘माझा प्रवास’ छापून आलं. झाशीच्या राणीची दिनचर्या आणि तिथल्या गल्ल्यांतला हाहाकार मराठी वाचकाला कळला तो एका गरीब भिक्षुकाच्या डोळ्यांतून.

भटजी खूप लांब गेले म्हणून त्यांना एवढं दिसलं, असं मला वाटत नाही. ते परक्या गावात राहिले, तिथल्या माणसांच्या आसऱ्याने जगले, त्यांच्याबरोबर भ्यायले. पाहणाऱ्याला त्या जागेची गरज लागली, की ती जागा शिकवू लागते.

आजची सहल याच्या नेमकी उलट असते. एका दिवसात चार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी फोटो, संध्याकाळी बस परत. मुंबईहून अलिबागला जाणारी मुलं त्याच पेणवरून जातात. खाडीकाठची मिठागरं खिडकीतून मागे पडतात. बाष्पीभवनाची व्याख्या मात्र त्यांना तोंडपाठ असते. तिथे एक सकाळ थांबलं, तर कळेल की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी आत घेतात, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवतात आणि एखादा अवकाळी पाऊस तयार मीठ विरघळवून टाकतो. चंद्र, भरती-ओहोटी, ऊन आणि मजुरी हे चार धडे तिथे एकाच वेळी समोर उभे असतात. भेगाळल्या तळव्यांनी ते मीठ ओढणाऱ्या माणसाला गोणीमागे किती मिळतात, हे मुलांनी त्यालाच विचारावं. भूगोलाच्या पुस्तकात हा प्रश्न सापडत नाही.

जागा शिकवते, हे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी ओळखलं होतं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा कोसबाडच्या परिसरात त्यांनी शाळाच कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ हे तिचं नाव. इतकी साधी आणि धीट कल्पना आपण आदराने आठवतो आणि पुन्हा चार भिंतींत परततो, याची मला खंत वाटते.

आमचा यंदाचा दिवाळी अंक मुक्कामाच्या शिक्षणाला वाहिला आहे. लेखकांना आमची अट एकच होती: जिथे मुक्काम केला, त्याच जागेबद्दल लिहा. आणि पालक-शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. या वर्षी सहलीच्या यादीतली तीन ठिकाणं खोडा, एकच ठेवा आणि मुलांना तिथे दोन रात्री राहू द्या.